हॅम रेडिओचा परवाना कसा काढायचा, आणि घरच्या ई-सायकलला कागद कुठवर लागतात

घरात सोल्डरिंग गन असलेल्या मंडळींचे दोन छंद हल्ली एकाच टेबलावर येऊन बसलेत: जुन्या सायकलच्या चाकात हब मोटर बसवणं आणि हॅम रेडिओ, म्हणजे सरकारी परवाना घेऊन घरच्या सेटवरून हौसेखातर दूरदूरच्यांशी बोलणं. मल्टीमीटर तोच, वायरी त्याच, घरच्यांची कुरकुरही तीच. कायदा मात्र दोघांकडे अगदी उलट बाजूनं बघतो. रेडिओत सरकार माणसाची परीक्षा घेतं. माणूस पास झाला आणि परवाना मिळाला की त्यानं घरी जुळवलेला ट्रान्समीटर बिनदिक्कत हवेवर येतो. वाहनात परीक्षा यंत्राची होते, आणि ती कंपनीनं द्यायची असते. त्यामुळे तुम्ही कितीही हाडाचे कारागीर असलात, तरी घरी बांधलेल्या एकुलत्या एका गाडीला आरटीओ नंबर देत नाही. ही गोष्ट आधी डोक्यात बसली की कुठं अर्ज करायचा आणि कुठं करण्यात अर्थ नाही, हे आपोआप कळतं.

आधी रेडिओ, कारण तिथं रीतसर रस्ता आहे.

परवाना कोण देतं आणि कोणाला मिळतो

हॅमचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) शाखा देते. तिचं मुख्य कार्यालय दिल्लीत संचार भवनात आहे. परवान्याचा पाया १९७८ चे हौशी रेडिओ सेवेचे नियम. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत आणि २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आल्यावर नियमांची फेरमांडणीही सुरू झाली. म्हणून फी भरण्याआधी पोर्टलवरची ताजी सूचना वाचा. एखाद्या जुन्या पीडीएफवर विसंबून राहू नका.

पात्रता फार सोपी आहे. भारतीय नागरिकत्व हवं आणि वय किमान १२ वर्षं. शिक्षणाची अट नाही. दहावी नापास चालतो, आयटीआयवाला चालतो, निवृत्त शिक्षक चालतात. अर्जदार १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती जोडावी लागते. परदेशात स्थायिक होऊन तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी हॅमना हा मार्ग नाही. त्यांचा देश आणि भारत यांच्यात परस्पर मान्यतेची व्यवस्था असेल, तर तिकडच्या परवान्यावर इथं वेगळी परवानगी मागता येते.

परीक्षेचं नाव अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एएसओसी. तिच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड पास झालात की व्हीयू३ नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं तुमचं ओळखनाव, मिळतो, जनरल झालात की व्हीयू२. दोघांत मोठा फरक मोर्सचा, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीचा. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स ऐकून उतरवावा आणि पाठवावाही लागतो. लेखी परीक्षा रिस्ट्रिक्टेडची १ तासाची, जनरलची २ तासांची. दोन्हीत विभाग दोनच: रेडिओचं तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक विभागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला प्रत्येकी ५० आणि एकूण ५५. पॉवरची मर्यादा बँडनुसार, म्हणजे लहरींच्या पट्ट्यानुसार, बदलते, पण रिस्ट्रिक्टेडवाल्याची धाव ५० वॉटपर्यंत आणि जनरलवाल्याची ४०० वॉटपर्यंत, असं ढोबळमानानं धरा.

माझं स्पष्ट मत: पहिल्यांदा रिस्ट्रिक्टेडच द्या. मोर्स येईपर्यंत थांबू म्हणणारे बरेचसे थांबलेलेच राहतात. ५० वॉट आणि गच्चीवर नीट ताणलेला तारेचा डायपोल अँटेना एवढ्यावर देशभर बोलता येतं.

अर्ज कसा भरायचा

सगळा अर्ज आता 'सरल संचार' पोर्टलवर भरायचा. खातं उघडा, हौशी सेवेतला एएसओसी परीक्षेचा अर्ज निवडा, श्रेणी निवडा, केंद्र निवडा, फी ऑनलाइन भरा. परीक्षा घेण्याचं काम वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनं करतात. आपल्या भागात ही स्टेशनं मुंबईत बोरिवलीजवळ गोराईला, नागपूरला आणि गोव्यात आहेत. पुण्या-नाशिकच्या माणसाला साहजिकच मुंबई सोयीची, अमरावती-चंद्रपूरकडच्याला नागपूर, सावंतवाडीच्या माणसाला गोवा. परीक्षा रोज नसते. पुरेसे उमेदवार जमले की तारीख लागते, म्हणून ओळखीच्या चार-पाच जणांनी एकदम अर्ज करणं फायद्याचं ठरतं.

कागदपत्रांची यादी लांबलचक नाही: पासपोर्ट आकाराचा फोटो, सहीचं स्कॅन, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. अडचण येते ती नावात. दहावीच्या सर्टिफिकेटवर 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव', आधारवर 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव', आणि पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. महाराष्ट्रात हे घरोघरी आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे तर तीन कागद तीन नावांचे. अर्जात ओळखपत्रावर आहे तसंच नाव घाला आणि जन्मतारखेच्या कागदावरचं नाव अगदीच वेगळं असेल, तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा.

पत्त्याचंही तसंच. परवान्यावर येतो तो तुमच्या स्टेशनचा पत्ता, म्हणजे जिथं सेट आणि अँटेना असणार ती जागा. आधारवर गावचा पत्ता आणि सेट हडपसरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, असं असेल तर आधी भाडेकरार नोंदवून घ्या. पुढं घर बदललं की पत्त्याची नोंदही बदलून घ्यायची. आणि एक सांगून ठेवतो: परवाना सरकारचा असला तरी गच्ची सोसायटीची असते. अँटेनासाठी कमिटीकडून लेखी होकार घ्या, नाहीतर एखाद्या रविवारी तुमचा डायपोल भंगारात गेलेला दिसेल.

परीक्षा पास होणं आणि परवाना मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि नवखा माणूस इथंच फसतो. एएसओसी हातात आलं म्हणजे तुम्ही ऑपरेटर म्हणून लायक ठरलात, एवढंच. स्टेशन उभारायला आणि कॉलसाइनसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. फी २० वर्षांसाठी १००० रुपये किंवा आयुष्यभरासाठी २००० रुपये. तरुण माणसानं सरळ २००० भरावेत; वीस वर्षांनी नूतनीकरण कोण लक्षात ठेवणार? या टप्प्यावर सुरक्षेच्या दृष्टीनं पडताळणी होते आणि तिला वेळ लागू शकतो. तोवर ऐकायला कोणी अडवत नाही. कॉम्प्युटरला रेडिओ ऐकायचा डोंगल लावून किंवा जुन्या रिसीव्हरवर ४० मीटर बँड ऐकत बसा. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचं मात्र नाही.

अभ्यास

तंत्राच्या विभागात ओहमचा नियम, कॉइल-कंडेन्सरचं रेझोनन्स, डायोड-ट्रान्झिस्टर, मॉड्युलेशन, सुपरहेट रिसीव्हर, अँटेना आणि लहरींचा आयनावरणातला प्रवास असतो. ज्यानं स्वतः मोटर कंट्रोलर जोडलाय त्याला निम्मा भाग ओळखीचा वाटेल. गोची होते नियमांत. क्यू-कोड तोंडपाठ हवेत: क्यूआरएम म्हणजे इतर स्टेशनांचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे वातावरणातली खरखर, क्यूएसबी म्हणजे सिग्नलचं कमीजास्त होणं. आल्फा-ब्राव्हो-चार्लीची अक्षरमाला, मेडे आणि पॅन-पॅन यांतला फरक, भारताला मिळालेल्या कॉलसाइनच्या मालिका आणि हवेवर काय बोलायचं नाही, हे विचारतातच. धंद्याची बोलणी, गाणी वाजवणं, गुप्त सांकेतिक भाषेत निरोप देणं यातलं काही चालत नाही. लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

तयारीसाठी हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही १९८३ पासूनची संस्था आहे; मुंबईत मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे. खरा गुरू मात्र गावातला एखादा जुना हॅम. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, फोन बंद पडल्यावर हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. त्या पिढीतलं कोणी भेटलं तर चहाला बसा.

घरी बनवायचाच असेल तर बिटएक्स बघा. हैदराबादच्या अश्हर फर्हान यांनी हा एसएसबी ट्रान्सीव्हर (बोलायचा आणि ऐकायचा एकच सेट) मुद्दाम असा रचला की सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळावेत. २० मीटरच्या मूळ बिटएक्सच्या कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायच्या. हार्डवेअरवाल्याकडून मूठभर वॉशर आणायचे, त्यावर एनॅमलची तार मोजून वेढे द्यायचे, टोकाचा एनॅमल ब्लेडनं खरवडून टिन लावायचं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठली की बाकीचा माल एका फेरीत जमतो. हे सगळं कायदेशीर आहे, फक्त तुमच्याकडे परवाना हवा.

तयार चिनी हँडसेट ऑनलाइन स्वस्तात दिसतो म्हणून परवान्याआधी मागवू नका. अशा वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीवरून ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा धाडल्या होत्या. परवान्याशिवाय वापरायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले मान्यताप्राप्त वॉकीटॉकी, २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा छोट्या पॉवरचा पट्टा, ज्यावर लोरा, म्हणजे थोडीशी माहिती लांबवर पाठवणारं तंत्र, चालतं. सायकलच्या बॅटरीचं व्होल्टेज घरी बसून बघायचं असेल तर या शेवटच्या पट्ट्यात ते होतं, त्यासाठी हॅमचा परवाना लागत नाही.

आता सायकल

इथं आरटीओत अर्ज नाही, कारण अर्ज करावा लागू नये इतकं लहान राहणं हाच मार्ग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येनुसार ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी ताकदीचं आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारं बॅटरीचं दुचाकी वाहन, मान्य तपासणी संस्थेनं तसं पडताळलं असेल तर, 'मोटार वाहन' ठरत नाही. पेडल असिस्ट सायकल असेल तर वेग २५ च्या जवळ जाताना मोटरचा जोर कमी होत गेला पाहिजे, आणि पेडल थांबलं की मोटरही थांबली पाहिजे. ब्रेक धड हवेत, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर हवा. ही ताकद म्हणजे मोटर अर्धा तास सलग देऊ शकते ती, क्षणभराची नव्हे. या चौकटीत राहणाऱ्या सायकलला नोंदणी नाही, लायसन नाही.

३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे ३६० वॉट-अवर. रोजच्या ऑफिसच्या फेरीला तो पुरतो. पॅक स्वतः बांधणार असाल तर बीएमएसशिवाय (सेलचं चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किटशिवाय) बांधू नका, सेलवर थेट सोल्डर मारू नका, निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करा, आणि चार्जिंग झोपेत करू नका. बिल जपून ठेवा. रस्त्यात कोणी अडवलं तर मोटरवरची ताकदीची पाटी आणि बिल दाखवायला हाताशी असू द्या.

१००० वॉटची मोटर घातली की तीच सायकल कायद्याच्या लेखी नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल होते. वेगमर्यादेचं कुलूप तोडलेल्या ई-बाइकवर महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०२२ मध्ये मोहीमच काढली होती. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, देशभर कौतुक झालं, आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली. पण ती जीप नियमांत बसत नाही, कधीतरी थांबवली जाईल, हे त्यांनीही तेव्हा बोलून दाखवलं होतं. कौतुक आणि नोंदणी यांचा एकमेकांशी संबंध नाही.

जुनी पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक करायची असेल तर मात्र कागदाचा रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीनं करता येत नाही. केला तर कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मान्यताप्राप्त किट हा त्याला अपवाद. एआयएस-१२३ मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासून मान्य केलेलं किट घ्यायचं, ते तुमच्याच मॉडेलसाठी मान्य आहे ना हे प्रमाणपत्रावर बघायचं, किट कंपनीनं नेमलेल्या माणसाकडूनच बसवायचं आणि मग आरटीओत मूळ आरसी, किटचं मान्यतापत्र, बसवल्याचं प्रमाणपत्र, विमा आणि कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत घेऊन इंधनाचा रकाना बदलून घ्यायचा. विमा कंपनीलाही कळवायचं. घरच्या टेबलावर जुळवलेलं किट इथं चालत नाही, मग ते किती का चांगलं असेना. इंजिनिअरिंगच्या मुलांना मोठी मोटर फिरवायची हौस असेल तर ई-बाहा किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांच्या बंद ट्रॅकवर ती भागवावी.

दोन्ही एकत्र चालवताना

परवाना आला, सायकल झाली, आता सायकलवर सेट लावू म्हणाल तर पहिला वैरी तुमचाच कंट्रोलर. तो मोटरचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्याची खरखर थेट शॉर्टवेव्हपर्यंत चढते. तपासायला सायकल स्टँडवर घ्या, मागचं चाक मोकळं ठेवा, बॅटरीवरचा रिसीव्हर ७.१ मेगाहर्ट्झला लावून शेजारी धरा आणि क्रँक हातानं फिरवून मोटर सुरू करा. चाकाच्या वेगाबरोबर आवाजाची पट्टी चढली तर दोष कंट्रोलरचा; मोटर बंद असतानाही सूं ऐकू आलं तर दोष ३६ चे १३.८ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरचा. मोटरच्या तिन्ही जाड वायरी आखूड करा, एकत्र पिळा आणि त्यावर फेराइटचे क्लिप लावा. तरी आवाज गेला नाही तर सेटला चार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची वेगळी बॅटरी द्या. तिचं १२.८ व्होल्ट बहुतेक सेटना चालतं आणि कन्व्हर्टरची कटकट मुळातून संपते.