सोळा बाळांचा शोधनिबंध

१९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. त्यातले रुग्ण अवघे १६, सगळी अपुऱ्या दिवसांची बाळं. जन्मानंतर आपोआप मिटायला हवी अशी हृदयाजवळची एक रक्तवाहिनी त्यांच्यात उघडीच राहिली होती, ती शस्त्रक्रियेनं बांधायची होती. ८ बाळांना त्या काळी रूढ असलेली भूल दिली: नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे करणारं औषध. या औषधानं बाळाला हलता येत नाही, रडताही येत नाही. उरलेल्या ८ जणांना त्याच्या जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, वजनाच्या दर किलोमागे १० मायक्रोग्रॅम.

मग त्यांचं रक्त तपासलं. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं आणि साखर कितीतरी जास्त चढली होती. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक होती. वरून शांत पडलेलं बाळ आतून सगळं सोसत होतं.

हे काम ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. नवजात बाळांची मज्जासंस्था कच्ची असते, त्यांना वेदना फारशी जाणवत नाही, असं तोवर अनेक डॉक्टर मनापासून मानत. भुलीच्या औषधांनी इवलासा जीव दगावेल ही भीतीही खरीच होती. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशमन द्यावं, अशी भूमिका जाहीर केली.

अशा कामाचं मोल मोजायचं कसं? संशोधकाचा प्रभाव मोजायची आजची रूढ पट्टी म्हणजे एच-इंडेक्स. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं ती २००५ साली सुचवली. एखाद्याच्या ३० निबंधांचा प्रत्येकी किमान ३० वेळा इतरांनी संदर्भ दिला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स ३०. हिशेब सोपा आहे, म्हणूनच नेमणुका आणि बढत्यांमध्ये तो सर्रास वापरला जातो. पण बालभूलशास्त्र, म्हणजे लहान मुलांना भूल देण्याचं शास्त्र, हे लहान क्षेत्र आहे. लिहिणारे कमी, म्हणून संदर्भ देणारेही कमी. कर्करोगाच्या संशोधकाशेजारी बालभूलतज्ज्ञाचा आकडा ठेवून तुलना करणं मला सरळ अन्याय वाटतो.

शिवाय संदर्भ दिला म्हणजे कौतुकच केलं, असंही नाही. होलिडे आणि सेगर या बालरोगतज्ज्ञांच्या १९५७ च्या निबंधातून मुलांना सलाइन किती द्यायचं याचा नियम आला. भूलतज्ज्ञांना तो ‘४-२-१’ म्हणून पाठ असतो: पहिल्या १० किलोंना ताशी किलोमागे ४ मिलिलिटर, पुढच्या १० ना २, त्यापुढे १. १२ किलोचं मूल असेल तर ४० अधिक ४, म्हणजे ताशी ४४ मिलिलिटर. हा हिशेब आजही चालतो. पण त्याच निबंधातून रूढ झालेलं कमी सोडियमचं सलाइन पुढे धोक्याचं ठरलं. शस्त्रक्रियेनंतर मुलांचं शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. त्यामुळे हा निबंध कित्येकदा सावध करण्यासाठीही उद्धृत होतो. मोजणीत मात्र दोन्ही प्रकारचे संदर्भ सारखेच!

आणखी एक अडचण श्रेयाची. भुलीमुळे बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो का, हा आईवडिलांना छळणारा प्रश्न आहे. तो धसाला लावण्यासाठी ‘गॅस’ नावाच्या चाचणीत ७ देशांतल्या २८ रुग्णालयांत हर्नियाची शस्त्रक्रिया होणारी ७२२ बाळं घेतली. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. ती ५ वर्षांची झाल्यावर बुद्धिमापन केलं, तेव्हा तासाभराहून कमी भुलीनं फरक पडल्याचं दिसलं नाही. २०१९ साली हा निकाल छापून आला. इतक्या माणसांनी इतकी वर्षं खपून मिळवलेलं हे ‘काही फरक नाही’ नेमकं कुणाच्या खात्यावर टाकायचं?

आणि काही कामं तर इतकी अंगवळणी पडतात, की त्यांचा संदर्भ द्यायचं कुणाला सुचतही नाही. लिव्हरपूलचे भूलतज्ज्ञ जॅक्सन रीस यांनी १९५० साली बाळांना श्वास देण्याच्या साध्या टी-आकाराच्या नळीला शेपटाकडून उघडी अशी एक छोटी रबरी पिशवी जोडली. शेपूट बोटांनी हलकेच आवळायचं, पिशवी दाबायची, सोडायची. बाळाची छाती किती ताठ आहे, ते तळहाताला कळतं. आजही बालभूलतज्ज्ञ ही पिशवी हातात धरतात, आणि मदतनिसाकडे मागतानाही ‘जॅक्सन रीस द्या’ असंच म्हणतात.