न हलणारा ठिपका

२५ सप्टेंबर १९७८ च्या सकाळी नऊच्या सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरावर आकाश निरभ्र होते. पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ लिंडबर्ग फील्ड विमानतळावर उतरण्याच्या तयारीत होते आणि त्याच्या पुढे, खालच्या अंगाला, सेस्ना १७२ जातीचे एक छोटे विमान उपकरणांच्या आधाराने उतरण्याचा सराव आटोपून पुन्हा वर चढत होते. नियंत्रकाने बोइंगच्या वैमानिकांना सेस्नाची जागा सांगितली. त्यांनी ‘दिसले’ असे कळवले आणि त्या एका शब्दासरशी दोन विमानांत अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकांच्या डोळ्यांवर आली. पुढे ते छोटे विमान त्यांच्या नजरेतून निसटले, पण तसे त्यांनी स्पष्टपणे कळवले नाही. टक्करीच्या १९ सेकंद आधी रडारच्या संगणकाने इशाराही दिला होता. वैमानिकांना विमान दिसत आहे या समजुतीमुळे तो इशारा त्यांच्यापर्यंत पोचवला गेला नाही. सुमारे २,६०० फुटांवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि जमिनीवरील सात जणांसह १४४ माणसे मृत्युमुखी पडली.

लख्ख उजेडात, जागरूक वैमानिकांना समोरचे विमान दिसू नये, हे चमत्कारिक वाटते. त्याचे कारण भूमितीत आहे. दोन विमाने ठरावीक वेगाने, सरळ रेषेत एकाच बिंदूकडे निघाली असतील, तर एकातून पाहताना दुसऱ्याची दिशा बदलतच नाही. समोरच्या काचेवर ते जागच्या जागी खिळलेल्या ठिपक्यासारखे राहते. माणसाची नजर, विशेषतः तिच्या कडेचा भाग, हालचाल टिपण्यात पटाईत असला तरी स्थिर ठिपका काचेवरच्या डागात सहज खपून जातो. काचेवरून सरकत जाणारे विमान बाजूने निघून जाणार असते, आणि जे हलत नाही तेच अंगावर येणार असते. मोटार चालवताना आडव्या रस्त्याने येणारा दुचाकीस्वार काचेच्या बाजूच्या खांबाआड शेवटपर्यंत दडून राहतो, त्यामागेही हीच भूमिती असते.

त्यात वेळ थोडा असतो. अमेरिकेत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. समोरून येणाऱ्या सेस्नाचा वेग ताशी १८५ किलोमीटर धरला, तर दोघांतले अंतर दर सेकंदाला १८० मीटरने घटते. ठिपका दिसणे, तो विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच वाटेवर आहे हे उमगणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलणे आणि अखेर विमान वळणे, या साऱ्याला अमेरिकी हवाई प्रशासनाच्या हिशेबाने साडेबारा सेकंद लागतात. त्यांपैकी नऊ सेकंद धोका उमगण्यात आणि निर्णय घेण्यातच जातात. साडेबारा सेकंद उरलेले असताना सेस्ना सव्वादोन किलोमीटरवर असते. तिच्या पंखांचा ११ मीटरचा विस्तार त्या अंतरावरून, हात लांब करून बोटाच्या टोकावर धरलेल्या तिळाएवढा दिसतो. तीन सेकंद उरतात तेव्हा तो शेंगदाण्याएवढा आणि दीड सेकंद उरतो तेव्हा सुपारीएवढा होतो, पण तोवर वळायला वेळच उरलेला नसतो. सॅन दिएगोत तर सेस्ना बोइंगच्या खाली, घरांच्या रंगीबेरंगी छपरांच्या पार्श्वभूमीवर होती, आणि सेस्नातल्या माणसांना पाठीमागून येणारे जेट दिसण्याची शक्यताच नव्हती.

३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस येथे एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि पायपर जातीचे छोटे विमान यांची टक्कर होऊन ८२ जण मरण पावले. पायपर परवानगीवाचून नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरले होते. त्यात ट्रान्सपॉन्डर होता, म्हणजे रडारच्या हाकेला ओ देणारा रेडिओ-संच होता. पण तो विमानाची उंची सांगत नव्हता. माझ्या मते या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, कारण उंची कळल्याशिवाय दोन ठिपके एकमेकांवर येत आहेत की एक दुसऱ्याच्या बऱ्याच खालून जात आहे, हे रडारच्या पडद्यावरून सांगता येत नाही.

मोठ्या विमानतळाभोवतीचे असे नियंत्रित क्षेत्र उलटी मांडलेल्या उतरंडीसारखे असते: जमिनीलगत अरुंद आणि वर जावे तसे रुंद. छोट्या विमानांना तिच्या कडांखालून जाता येते, आत शिरायचे तर परवानगी लागते. सेरिटोसनंतर अमेरिकेत अशा विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या वर्तुळात उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर, थोडे अपवाद वगळता, सक्तीचा झाला. शिवाय ३० हून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत १९९३ अखेरपर्यंत टीकॅस ही टक्करविरोधी यंत्रणा बसवण्यात आली.

टीकॅस आसपासच्या ट्रान्सपॉन्डरांना १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा करते आणि त्यांचे उत्तर १०९० मेगाहर्ट्झवर ऐकते. ती नुसते अंतर पाहत नाही; अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागून भेटीला किती सेकंद उरले ते काढते. म्हणून शेजारून समांतर जाणारे विमान तिला फारसे खटकत नाही आणि समोरून येणारे दुरूनच खटकते. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा येतो, मग चढण्याची किंवा उतरण्याची आज्ञा येते. वळण्याची आज्ञा ती देत नाही, कारण तिच्या अँटेनाला दिशेचा अंदाज ढोबळच लागतो. उंची मात्र समोरचे विमान स्वतःच सांगत असते. दोन्हीकडे टीकॅस असेल तर एकाने वर आणि दुसऱ्याने खाली जायचे हे ती आपसात ठरवतात. छोट्या विमानात ती सहसा नसते, त्यामुळे वाट सोडण्याचा भार मोठ्यावरच पडतो. आणि छोट्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नसेल, तर टीकॅस इशारा देऊ शकते, आज्ञा नाही.

जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखालीही टीकॅसच्या आज्ञा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात, कारण तिथे खाली जायला जागा नसते आणि उतरणाऱ्या विमानाला खोट्या आज्ञेने विचलित करणे धोक्याचे ठरते. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर, सुमारे ३०० फुटांवर, उतरत असलेले प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जणांचा मृत्यू झाला. जेटमध्ये ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढेच ऐकू आले. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी त्याआधीच ‘दिसले’ असे नियंत्रकाला कळवून, अंतर आम्हीच डोळ्यांनी राखू, अशी परवानगी घेतली होती.