घरगुती फुल-रेंज स्पीकर

खर्जापासून तारापर्यंतचा जवळजवळ सगळा आवाज एकाच ड्रायव्हरमधून (खोक्यात बसवलेल्या, प्रत्यक्ष वाजणाऱ्या भागातून) काढणाऱ्या ध्वनिक्षेपकाला फुल-रेंज स्पीकर म्हणतात. नेहमीच्या खोक्यात खालच्या सुरांसाठी वूफर, वरच्यांसाठी ट्वीटर अशी विभागणी असते आणि कोणाच्या वाट्याला काय जाईल हे क्रॉसओव्हर ठरवतो. फुल-रेंजमध्ये ही वाटणीच नसते. अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन तारा थेट ड्रायव्हरला जोडल्या की काम झाले. त्यामुळे हौशी माणसाला घरी करता येणारा हा सर्वांत सोपा स्पीकर आहे. मात्र सगळा भार एकाच कोनावर, म्हणजे ड्रायव्हरच्या पुढेमागे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्यावर, असल्याने खोक्यातली चूकही यातच लवकर ऐकू येते.

माणसाच्या कानाचा पल्ला 20 ते 20,000 हर्ट्झ धरतात. तो पुरा पेलणारा एक कोन अजून कोणी केलेला नाही, कारण दोन टोकांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खर्जासाठी भरपूर हवा ढकलावी लागते. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर कोनाला चौपट ये-जा करावी लागते. वरच्या सुरांसाठी मात्र कोन हलका आणि लहान हवा. मोठा कोन तारसप्तक खोलीभर पसरवत नाही, बॅटरीच्या झोतासारखे समोर फेकतो. चार इंची ड्रायव्हरचा प्रत्यक्ष हलणारा भाग साधारण 8 सेंमी व्यासाचा असतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 8 सेंमी तरंगलांबी म्हणजे सुमारे 4,300 हर्ट्झ. त्यापुढे झोत अरुंद होत जातो आणि बाजूला बसलेल्याला झांजांची किणकिण कमी ऐकू येते. म्हणून घरगुती बांधणीत तीन ते पाच इंची ड्रायव्हर अधिक चालतात. आठ इंचीत मुख्य कोनाच्या मध्यावर एक छोटा कागदी कोन चिकटवून वरचे सूर काढून घेतात.

या तडजोडीच्या बदल्यात मिळते ते गळ्याचे सलगपण. साध्या दोन-ड्रायव्हरच्या खोक्यात क्रॉसओव्हरचा सांधा बहुधा 2,000 ते 3,000 हर्ट्झच्या आसपास येतो, आणि कान सर्वांत तिखट असतो तोही त्याच भागात. फुल-रेंजमध्ये तिथे सांधा नाही. एकट्या गाण्याला, सतारीला किंवा बोलण्याला हा स्पीकर शोभतो. डीजेच्या दणदणाटाला नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 मध्ये हलत्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) थेट हवेत वाजणारा स्पीकर मांडला. आजचे बहुतेक ड्रायव्हर त्याच घराण्यातले आहेत. त्या काळी रेडिओचाच पल्ला तोकडा, त्यामुळे एका कोनाने भागत असे. पुढे पल्ला वाढला, वाटणी आली आणि एकड्रायव्हरी स्पीकर आवडीचा विषय होऊन राहिला. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांच्या कामातून लाउदर कंपनीचे ड्रायव्हर आले. जपानमध्ये फॉस्टेक्स कंपनीच्या छोट्या कागदी ड्रायव्हरांभोवती घरी खोकी बांधणाऱ्यांची मोठी परंपरा तयार झाली आणि ऑडिओ समीक्षक तेत्सुओ नागाओका यांनी त्यांच्यासाठी वळणावळणाच्या भोंग्यांचे (कोनामागचा आवाज रुंदावत जाणाऱ्या वाटेने बाहेर काढणाऱ्या खोक्यांचे) असंख्य नकाशे काढून दिले. कमी वॉटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरांच्या शौकिनांनी हे ड्रायव्हर आपलेसे केले, कारण त्यातले काही एका वॉटमध्येही खोली भरून टाकतात.

खोके किती मोठे करायचे हा एके काळी अंदाजाचा मामला होता. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो गणितात बसवला. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात आज त्यांच्या नावाचे आकडे छापलेले असतात. बांधणाऱ्याने त्यांतले तीन आधी पाहावेत. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळा असताना ज्या कंप्रतेला आपसूक डोलतो ती. व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकतेशी जुळणारे हवेचे आकारमान, लिटरमध्ये. क्यूटीएस हा त्या डोलण्याला किती लगाम आहे याचा आकडा. तो 0.4 च्या आसपास किंवा खाली असेल तर नळीचे खोके (भिंतीत उघडी नळी बसवलेले) किंवा भोंगा जमतो, 0.5 ते 0.7 असेल तर बंद खोके, आणि त्याहून वर गेला तर नुसत्या उघड्या फळीवर लावणे बरे. हे आकडे न पाहता आधी खोके करून मग ड्रायव्हर शोधणारे पुष्कळ असतात. त्यांचे लाकूड बहुधा वाया जाते.

आपल्याकडे मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवण्याची जुनी युक्ती आहे. तीही मुळात आकारमानाचाच खेळ आहे. माठाचे गोल अंग कडक असल्याने थरथरत नाही आणि आत समोरासमोर सपाट भिंती नसल्याने त्यांच्यातला प्रतिध्वनी टळतो. अडचण एवढीच की माठाचे आकारमान कुंभार ठरवतो, ड्रायव्हर नाही.

नळीच्या खोक्याचे एक उदाहरण पाहू. आतून 16 × 21 × 30 सेंमी घेतले की सुमारे 10 लिटर होतात. त्यात 5 सेंमी आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा साडेपंधरा सेंमी लांब तुकडा बसवला, तर खोके साधारण 55 हर्ट्झला घुमते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जो सूर येतो, तेच हे तत्त्व. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. म्हणजे हे एवढेसे खोके तंबोरा तळापासून दाखवते. चौथाई तरंगलांबीची नळी हा दुसरा मार्ग, पण 50 हर्ट्झसाठी तिची लांबी 1.7 मीटर होते. दुमडली तरी ती कपाटाएवढी जागा खाते.

लाकूड म्हणून 18 मिमी प्लाय किंवा एमडीएफ वापरतात. एमडीएफ कापायला सुबक, पण ओल लागली की त्याची कड पावासारखी फुगते. कोकणात किंवा पावसाळी घरात मरीन प्लायच घ्यावा. ड्रायव्हरही त्याच नजरेने निवडावा, कारण कोनाभोवतीची फोमची कड उष्ण दमट हवेत काही वर्षांत चुरा होऊन गळते, रबराची टिकते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे टर्मिनल, तारा आणि कॉइल हातात घेऊन पाहता येतात.

फळ्या दुकानातच मशीनवर कापून घेतल्या की कोपरे काटकोनात येतात. जोड फेविकॉलने करावेत, शिकंजे लावून रात्रभर सोडावेत आणि आतल्या प्रत्येक सांध्यावरून बोटाने फेविकॉलची एक रेघ ओढावी. बारीकशी फट राहिली तरी खर्जावर फुसफुस येते. उदबत्तीचा धूर सांध्याजवळ धरला की ती दिसते. समोरच्या फळीतले भोक हा अनेकांच्या नजरेतून सुटणारा भाग. छोट्या ड्रायव्हरच्या मागे लगेच 18 मिमी जाडीची भिंत आली की त्याचा श्वास कोंडतो. म्हणून भोकाची मागची कड कानसीने किंवा राउटरने 45 अंशांत तासून मोकळी करतात. स्क्रू बसतील तेवढे लाकूड मात्र ठेवावे लागते. मागच्या भिंतीवर नमदा आणि थोडा उशीतला पॉलिस्टर कापूस लावला की आतला प्रतिध्वनी पातळ कोनातून बाहेर झिरपत नाही. कापूस ठासून भरला तर खर्ज मरतो. नळीचे तोंड तर मोकळेच हवे.

पॉलिशचे काम ड्रायव्हर बसवण्याआधी पुरे झाले पाहिजे. हत्यारांतून झडलेला लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो आणि ड्रायव्हरमधल्या कॉइलच्या केसाएवढ्या फटीत जाऊन बसला की आयुष्यभर खरखरतो. प्लायच्या उघड्या कडांवर लाकडी पट्टी किंवा व्हिनियर चिकटवतात. एमडीएफच्या कडा रंग पीत राहतात, म्हणून त्यांना आधी पातळ केलेल्या फेविकॉलचा हात देतात. मग 120, 180, 220, 320 अशा क्रमाने पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे (लाखेचे) पॉलिश कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हातांनी चढवतात. मेलामाइनचा स्प्रे टिकाऊ असतो खरा, पण चपडीखाली सागाचे व्हिनियर जसे उजळते तसे त्याखाली उजळत नाही. भर पावसाळ्यात चपडीचे काम काढू नये, दमटपणाने ती दुधाळ होते. समोरच्या कडा गोल करणे हे केवळ शोभेचे काम नाही. धारदार कडेवरून आवाज उलटतो आणि वरच्या सुरांत खडबडीतपणा आणतो.

ड्रायव्हर बसवताना स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरावा. चुंबक त्याचे टोक खेचतो आणि ते थेट कागदी कोनातून आरपार जाते. अशी भोके पडलेले ड्रायव्हर अनेक हौशी घरांतल्या खणात सापडतात. धन-ऋण ओळखायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: सेलचे धन टोक ड्रायव्हरच्या धन टोकाला लागले की कोन बाहेर येतो. जोडीतला एक स्पीकर उलटा लागला तर मध्ये उभा असायला हवा तो गायक भिंतींत विरून जातो आणि तबल्याचा बायाँ पोकळ होतो.

नवा स्पीकर पहिल्या दिवशी कर्कश वाटतो, आणि ‘शंभर तास वाजू द्या, सुधारेल’ असा सल्ला मिळतो. कोनाची कड थोडी सैल होते हे खरे, पण बहुतेक कर्कशपणा समोरच्या फळीच्या रुंदीतून येतो. लांब तरंगलांबीचे सूर खोक्याला वळसा घालून मागेही पसरतात, वरचे सूर फळीमुळे फक्त पुढे येतात. मोकळ्या जागेत हा फरक 6 डेसिबलपर्यंत जातो. 115 ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागले की तो कुठल्या कंप्रतेभोवती घडतो ते कळते. आधी पाहिलेल्या 10 लिटरच्या खोक्याची बाहेरची रुंदी 19.6 सेंमी, म्हणजे उत्तर 590 हर्ट्झच्या जवळपास. उपाय म्हणून वरचे सूर थोडे दाबायला एक-दीड मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर चार-पाच ओहमचा रेझिस्टर ड्रायव्हरच्या तारेत घालतात. क्रॉसओव्हर नको म्हणून हा मार्ग धरणाऱ्यांना ही भर खुपते, आणि काही जण ती तत्त्वासाठी नाकारून पातळ आवाज ऐकत बसतात. खोके भिंतीला लागून शेल्फवर ठेवायचे असेल तर मात्र मागे गेलेला खर्ज भिंतच बराचसा परत पाठवते. तिथे रेझिस्टर लहान करावा किंवा कॉइल काढूनच टाकावी. म्हणून ही जोडणी खोक्यात चिकटवून न टाकता मागच्या टर्मिनलवर बाहेर ठेवतात.