बोरन्हाणातली खेळणी आणि माळ्यावरची पिशवी

गेल्या जानेवारीत माझ्या भाचीचं बोरन्हाण झालं, ती तेव्हा चौदा महिन्यांची, आणि आलेल्या प्रत्येकाने हौसेने काहीतरी खेळणं आणलेलं. पाहुणे गेल्यावर ताईने आणि मी सतरंजीवर सगळं मांडलं, बटण दाबलं की गाणारा पियानो, लाइट लागणारी गाडी, डोलणारा हत्ती, किचन सेट, ठोकळे असं खूप काही, आणि पोरगी मध्ये बसून एकाला हात लावते, टाकते, दुसरं उचलते, तेही टाकते, दहा मिनिटांत किरकिर सुरू. ताई म्हणाली, "एवढं सगळं समोर आहे तरी हिचं मन कशात रमत नाहीये गं." तिचं बघणं अगदी बरोबर होतं, फक्त त्या वाक्यात "तरी" च्या जागी "म्हणून" हवं होतं.

अमेरिकेतल्या टोलेडो युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हीच गोष्ट तपासून बघितली. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं घेतली, प्रत्येक मुलाला एकदा फक्त ४ खेळणी असलेल्या खोलीत खेळू दिलं आणि एकदा १६ खेळणी असलेल्या. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि जास्त प्रकारे खेळली, म्हणजे तीच वस्तू आपटून बघ, ढकलून बघ, काहीतरी आत घालून बघ, बाहुलीला भरवून बघ. या वयात लक्ष एका जागी धरून ठेवायची ताकद अजून तयार होत असते, आजूबाजूला जितकं जास्त दिसतं तितकं ते ओढलं जातं, आणि खेळण्यात पुढची गंमत सापडायच्या आधीच मूल दुसरीकडे वळतं.

आता तुम्ही म्हणाल, चारच खेळणी ठेवली तर दोन दिवसांत कंटाळणार ना. कंटाळतात, खरंय, आणि त्यामागेही साधं कारण आहे. १९६४ मध्ये रॉबर्ट फँट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या बाळांना चित्रांच्या जोड्या दाखवल्या, त्यातलं एक चित्र दरवेळी तेच आणि दुसरं दरवेळी नवीन, तर बाळं हळूहळू ओळखीच्या चित्राकडे कमी आणि नव्याकडे जास्त बघायला लागली. मेंदूला जे समजलंय त्यावर तो वेळ घालवत नाही, नव्याकडे वळतो, शिकणं म्हणतात ते हेच. पण आपल्या खिशासाठी यात आनंदाची बातमी अशी की काही आठवडे नजरेआड राहिलेली वस्तू परत समोर आली की तिच्यात बऱ्यापैकी नवेपणा परत येतो, आणि मधल्या काळात मूलही वाढलेलं असतं, ज्या डब्याचं झाकण मागच्या महिन्यात उघडत नव्हतं ते आता उघडतं. म्हणून आम्ही सरळ एक मोठी पिशवी घेतली, चार-पाच खेळणी बाहेर ठेवली आणि बाकी सगळी माळ्यावर. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. नवीन काहीही विकत न घेता वर्ष निघालं.

पियानोचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण असली बोलकी खेळणी सगळ्यात महाग असतात आणि बॉक्सवर लिहिलेलं असतं की मूल एबीसीडी शिकेल, बोलायला लागेल. २०१६ मध्ये ॲना सोसा या अमेरिकी संशोधिकेने १० ते १६ महिन्यांची बाळं असलेल्या २६ घरांत रेकॉर्डर दिले आणि आईबाप बाळाशी खेळताना किती बोलतात ते मोजलं. पुस्तक हातात असताना मिनिटाला साधारण ६७ शब्द, ठोकळे-पझलसारखी साधी खेळणी असताना ५६, आणि आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना जेमतेम ४०. खेळणं बोलायला लागलं की माणसं गप्प बसतात, आणि बाळही कमी आवाज काढतं. अभ्यास लहान आहे, २६ घरांवरून सगळ्या जगाचं सांगता येत नाही, पण घरात बघा, पटेल. बाळ "बा" म्हणतं, आई "हो गं, बॉल, लाल बॉल" म्हणते, बाळ परत तिच्याकडे बघून "बा" म्हणतं, ही जी देवाणघेवाण आहे ना त्यातून भाषा येते. पियानो ते उत्तर देऊ शकत नाही, तो बाळाने काय म्हटलं ते ऐकतच नाही, आपला तेच गाणं परत लावतो.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर आधी स्वयंपाकघर बघा. एकात एक बसणारे स्टीलचे डबे किंवा पेले द्या, मूल तासभर हलत नाही. मोठ्यात लहान जातं, लहानात मोठं जात नाही, हे त्याला कोणी सांगून कळत नाही, वीस वेळा चुकून हाताला कळतं. डब्यात बटाटा टाकून झाकण लावा, आठ-नऊ महिन्यांचं बाळ झाकण ओढायला बघतं, कारण दिसत नसलेली वस्तू अजून तिथेच आहे हे आता त्याला मनात धरून ठेवता यायला लागलंय, आपण पदराआडून "बुवाऽ कूक" करतो तेव्हा ते खिदळतं त्याच्यामागेही हेच. बाथरूममध्ये पाण्याचा मग आणि गाळणी द्या. उंच पेल्यातलं पाणी पसरट वाटीत ओतलं की तेवढंच राहतं हे बरीच मुलं साधारण सात वर्षांची होईपर्यंत मान्य करत नाहीत, पण ओतून ओतून बघायची सुरुवात इथेच होते.

थोडी मोठी मुलं असतील, सात-आठच्या पुढची, तर अरविंद गुप्तांची आगपेटीच्या काड्यांची खेळणी करून बघाच. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरीला होता, १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून काड्या जोडायची युक्ती काढली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. गूल खरवडून टाकलेल्या चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकलला की तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, कितीही ढकला हलत नाही, आणि मग मुलाला घेऊन रेल्वेच्या लोखंडी पुलाखाली किंवा मोबाइल टॉवरखाली उभं राहा, त्याला आपोआप त्रिकोण दिसायला लागतात. खर्च म्हणाल तर जेमतेम एका वडापावचा.

असे जे पैसे वाचतात ते सेफ्टीवर घाला, इथे अजिबात काटकसर नको. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि इलेक्ट्रिकला आयएस १५६४४, मार्कखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा-खोटा बघता येतो. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीसारख्या ठिकाणच्या लाकडी खेळण्यांवर मार्क नसला तर घाबरू नका, पण रंग कुठला लावलाय हे जरूर विचारा, पोरं सगळं आधी तोंडातच घालतात आणि भडक पिवळ्या-नारिंगी रंगात शिसं असू शकतं.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी छोटे पार्ट्स तपासायला साधारण सव्वातीन सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. टिश्यूरोलच्या आतला पुठ्ठा याहून जरासा मोठा असतो, म्हणजे घरी तो वापरला तर सेफ साइडलाच. (आणि हो, बोरन्हाणात डोक्यावरून ओततो ती बोरं, हरभरे, शेंगदाणे, गोळ्या, सगळं या नळीत मावतं, ओतल्यावर लहानग्याला लगेच उचलून घ्या आणि आधी सगळं गोळा करा.) पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरात आणूच नका, पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडवतात. छोटे लोहचुंबकही नको, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून भोक पाडतात.

आणि सगळ्यात जास्त काळजी बटण सेलची, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या गोल सेलची. तो अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे करंट वाहायला लागतो आणि कडेला कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं द्रव्य तयार होतं, दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, संपलेल्या सेलनेसुद्धा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलला थेट न्या.

हे सगळं वाचून झाल्यावर मी ताईकडे जाऊन तो पियानो उलटा करून बघितला. सेलच्या झाकणाला स्क्रूच नव्हता, नखाने उघडलं, आत तीन बटण सेल. आम्ही ते काढले, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, ई-कचऱ्याच्या डब्यात टाकले. पियानो आता गात नाही. भाची त्याच्यावर चमच्याने वाजवते आणि गाणं ताई म्हणते.