दहा नंबरची काच आणि रामकुंडावरची गायब गर्दी

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगची काळी काच मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘कितवा नंबर देऊ?’ विचारणाऱ्याच्या मनात वेल्डरचे डोळे असतात. फोटोवाल्याला मात्र त्याच आकड्यावरून भर दुपारी गोदाघाटाचं मिनिटभराचं एक्स्पोजर (शटर उघडं ठेवण्याचा वेळ) बेतता येतं.

वाहतं पाणी फोटोत दुधासारखं दिसायचं तर शटर काही सेकंद उघडं हवं. रखरखीत उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर एफ १६ (म्हणजे लेन्सचं भोक बऱ्यापैकी बारीक) ठेवलं तर १/१०० सेकंदातच फोटो पुरेसा उजळतो. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करून फारसं साधत नाही. एफ २२ वर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश फाकल्यामुळे, प्रकाशाचा प्रत्येक बिंदू पसरून सुमारे ३० मायक्रॉनचा होतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा पिक्सेल असतो जेमतेम चार मायक्रॉनचा. वेळ फक्त दुप्पट मिळते आणि फोटो मऊ पडतो. म्हणून उजेडच हजारो पटींनी कमी करायचा. त्यासाठी मिळणारा लेन्सवर लावायचा चांगला काळा फिल्टर काही हजार रुपयांना पडतो. वेल्डिंगची काच त्यामानाने कवडीमोल.

नंबरचं गणित सरळ आहे. नंबरातून १ वजा करा, ३ ने गुणा, ७ ने भागा. जे उत्तर येईल, दहाचा तितकावा घात जेवढा, तेवढ्या पटीने काच उजेड कमी करते. आठ नंबरला उत्तर येतं बरोबर ३, म्हणजे हजारावा भाग. बाजारातला ‘दहा स्टॉप’चा, म्हणजे दहा वेळा उजेड निम्मा करणारा, फिल्टरही एवढंच करतो. दहा नंबरच्या काचेतून सुमारे ७,२०० वा भाग पलीकडे जातो, म्हणजे १/१०० सेकंदाचे ७२ सेकंद झाले. अकरा नंबरला तीन मिनिटांहून जास्त लागतात. छापील नंबर आणि हातातली काच यांत थोडंफार अंतर असतं, तेव्हा पहिला फोटो अंदाज बांधण्यापुरता धरावा. काचेतून कॅमेऱ्याला जवळपास काहीच दिसत नाही. त्यामुळे फोकस आधी करून तो मॅन्युअलवर टाकायचा, मग काच रबरबँडने लेन्सवर बसवायची आणि कडेच्या फटी काळ्या टेपने बंद करायच्या. कॅमेरा डीएसएलआर असेल तर मागची डोळा लावायची खिडकीही झाका, तिथूनही उजेड आत शिरतो. आणि ही काच डोळ्याला लावून सूर्याकडे पाहू नका, त्यासाठी दहा नंबर पुरत नाही.

आता रामकुंड. ७२ सेकंदांच्या फोटोत घाटावरून चालत जाणारा माणूस एका जागी फार तर सेकंदभर असतो. तिथल्या एकूण उजेडात त्याचा वाटा ७२ वा, म्हणून तो दिसतच नाही. गुरुजींसमोर विधीला बसलेला यजमान मात्र ठसठशीत उमटतो. पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो डागेर यांनी १८३८ च्या सुमारास घेतला, तेव्हा हेच झालं होतं. वर्दळ सगळी पुसली गेली आणि बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक गृहस्थ तेवढा राहिला.

पण सगळेच सारखे गायब होत नाहीत. पांढरं धोतर घाटाच्या काळ्या दगडापेक्षा आठ-दहापट उजळ असतं. एका सेकंदाच्या मुक्कामातही ते दगडाच्या उजेडात दहा-बारा टक्के भर घालतं आणि फिकट भूत मागे ठेवून जातं. गडद कपड्यातला माणूस तिथेच बेमालूम विरतो. पर्वणीच्या गर्दीत तर ही युक्ती चालतच नाही. दगड बहुतेक वेळ कुणा ना कुणाआड असेल, तर कॅमेऱ्यात गर्दीच साचते आणि घाटावर धुकं बसल्यासारखं दिसतं.

मला स्वतःला गर्दीपेक्षा गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती जास्त आवडते. पावसाळ्यात पाणी तिच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. साध्या फोटोत एखादी लाट वर किंवा खाली पकडली जाते. मिनिटभराच्या फोटोत लाटांची सरासरी निघते आणि मूर्तीवर दिसणारी रेघ ही त्या मिनिटाची सरासरी पातळी असते. फोटो अर्थात लांबून, सुरक्षित जागेवरून. फक्त पुलावर ट्रायपॉड लावला तर वाहनांच्या हादऱ्याने चित्र हलतं.

स्वस्त काचेची किंमत रंगात मोजावी लागते. तिच्यातलं लोह अवरक्त प्रकाश आणि बराचसा लाल गिळतं, म्हणून सगळा फोटो हिरवा येतो. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फोटोत) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ओढूनताणून रंग परत आणता येतात. पण लाल आणि निळ्या पिक्सेलांपर्यंत उजेडच कमी पोचलेला असतो, त्यामुळे त्यांना वाढवलं की दाणे, म्हणजे फोटोतली ठिपक्यांची खरखर, वाढतात. माझं मत विचाराल तर फक्त हिरवा चॅनल घेऊन कृष्णधवल फोटो करावा. सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचेच असतात.

एक्स-रे फिल्मचा तुकडाही लोक लावून पाहतात. तिच्यातले चांदीचे कण प्रकाश विखुरतात आणि चित्र धूसर होतं. भरपूर उजेड लागून धुतल्यावर काळ्या झालेल्या रंगीत निगेटिव्हचे रंग अवरक्त प्रकाश जवळजवळ अडवतच नाहीत, मग फोटोवर तपकिरी-लाल झाक चढते. त्यापेक्षा दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारे फिल्टर) एकावर एक ठेवून फिरवणं बरं, उजेड हवा तसा कमी-जास्त होतो. मात्र वाइड लेन्सवर कोपऱ्यांत अंधार दाटतो.

काच मिळालीच नाही, तर ट्रायपॉडवरून साधे छोटे फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी काढता येते. ६४ फोटो घेतले तर दाणे आठपट कमी होतात. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, घेतला तर पांढऱ्या धोतराचं भूतही जातं, कारण अधूनमधून येणारी टोकाची किंमत मध्यकात मोजलीच जात नाही. सोमेश्वरच्या धबधब्यासाठी मात्र सरासरीच घ्यावी. मध्यकात फेसाच्या क्षणिक चमकाही गळून पडतात आणि पाणी काळपट दिसतं.