परदेशात बेपत्ता झालेल्या मुलांचा तपास आणि ब्रिटिश पोलिसांकडील माहिती अर्ज

परदेशात बेपत्ता झालेल्या ब्रिटिश मुलांच्या तपासासंबंधी ब्रिटनमधील पोलीस दलांकडे कागदपत्रे व आकडेवारी मागण्याची पद्धत. तिचा आधार २००० सालचा माहिती स्वातंत्र्य कायदा. माहिती मागण्याचा हक्क त्याखाली १ जानेवारी २००५ पासून मिळाला. स्कॉटलंडसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र आयुक्त आहे. अर्ज कोणीही, कोणत्याही देशातून करू शकतो. खरे नाव, उत्तरासाठी पत्ता (ईमेलही चालतो) आणि काय हवे याचे वर्णन एवढे लेखी दिले की पुरे. माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही. पोलिसांनी २० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते. या वाटेने तपासाचा खर्च, माणसांची संख्या, प्रवास, धोरणे अशा गोष्टी बऱ्यापैकी हाती लागतात. तपासात काय सापडले, कोणावर संशय आहे, साक्षीदार काय म्हणाले, हे मात्र जवळजवळ कधीच मिळत नाही. थोडक्यात, हिशोब मिळतो, तपास मिळत नाही.

मूल परदेशात हरवले तर तपासाचा अधिकार त्या देशाच्या पोलिसांचा. ब्रिटिश पोलिसांना तिथे अटक करता येत नाही की झडती घेता येत नाही. जे करायचे ते यजमान देशाला विनंतीपत्र पाठवून. तरीही ब्रिटनमध्ये कागद साठतात. कुटुंब ज्या भागात राहते तिथले पोलीस त्यांच्याशी संपर्क ठेवतात, सुट्टीहून परतलेल्या पर्यटकांचे जबाब घेतात, फोनवरून आलेल्या ‘आम्ही तिला पाहिले’ अशा खबरा नोंदवतात. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक दल वेगळे सार्वजनिक प्राधिकरण आहे. इंग्लंड व वेल्समध्ये अशी ४३ प्रादेशिक दले आहेत, त्यामुळे अर्ज चुकीच्या दाराशी गेला तर ‘आमच्याकडे ही माहिती नाही’ एवढेच उत्तर येते, आणि ते खरेही असते.

एक दार पूर्ण बंद आहे. इंटरपोलशी होणारा ब्रिटनचा व्यवहार राष्ट्रीय गुन्हे संस्थेमार्फत चालतो, आणि ही संस्था माहिती कायद्याच्या कक्षेतच येत नाही. तिच्याकडून आलेला कागद एखाद्या पोलीस दलाच्या कपाटात पडलेला असला, तरी कलम २३ नुसार तो उघड करण्याचे बंधन दलावर नाही. तिथे कागद उघड करणे लोकहिताचे आहे का, हा विचारही करावा लागत नाही. बेपत्ता व्यक्तींसाठी इंटरपोल जी पिवळी नोटीस काढते, तिच्यामागचा पत्रव्यवहार म्हणूनच अर्जदारांना सहसा दिसत नाही.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ऑपरेशन ग्रेंज. पोर्तुगालच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावरील प्राया द लुझ या गावातून ३ मे २००७ च्या रात्री, चौथा वाढदिवस अवघ्या नऊ दिवसांवर आलेली एक ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. पोर्तुगीज तपास थांबल्यावर, २०११ मध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांच्या विनंतीवरून लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी कागदपत्रांचा फेरआढावा सुरू केला. त्याचेच नाव ऑपरेशन ग्रेंज. जुलै २०१३ मध्ये त्याचे पूर्ण तपासात रूपांतर झाले. प्रकरण लंडनच्या हद्दीतले नसल्याने पैसा गृहखात्याच्या विशेष अनुदानातून आला. खर्चाचे आकडे अर्जांना सर्वाधिक यश देणारे ठरले, ते याचमुळे. सरकारी तिजोरीतून किती गेले हे सांगितल्याने कोणताही संशयित सावध होत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पथक २९ जणांवरून ४ जणांवर आणले गेले, आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च १ कोटी ३० लाख पौंडांच्या पुढे गेला, हे आज सर्वज्ञात आहे.

खर्चापलीकडे, तपासाच्या आत डोकावायचे म्हटले की कलम ३० आडवे येते. गुन्ह्याच्या तपासासाठी ‘कधीही’ बाळगलेली माहिती या कलमाखाली उघड न करण्याच्या सुटीस पात्र ठरते. या ‘कधीही’मध्येच सगळी गोम आहे: तपास बंद पडला म्हणून सूट संपत नाही. शिवाय ही सूट माहितीच्या प्रकारावरून मिळते. उघड केल्याने नुकसान होईल असे पोलिसांना सिद्ध करावे लागत नाही. लोकहिताचा तराजू तेवढा लावावा लागतो, आणि मूल अजून सापडलेले नसताना तो बहुधा गुप्ततेच्या बाजूने झुकतो. मला हे अन्यायाचे वाटत नाही. उत्तर अर्जदाराच्या हाती पडले की ते साऱ्या जगाला दिल्यासारखे असते, आणि त्या जगात मुलाला पळवणाराही आला. कलम ३० मध्ये न बसणाऱ्या पोलिसी माहितीसाठी कलम ३१ आहे, पण तिथे संभाव्य हानी दाखवावी लागते. कधी कधी पोलीस ‘अशी माहिती आहे की नाही हेही सांगणार नाही’ अशी भूमिका घेतात. अमुक माणसाची चौकशी केली का, या प्रश्नाला हे उत्तर ठरलेले. ‘नाही’ असे एकाबाबत सांगितले, तर दुसऱ्याबाबतच्या मौनाचा अर्थ कोणीही लावेल.

परदेशी प्रकरणाला खास लागू होणारे कलम म्हणजे २७. दुसऱ्या देशाने विश्वासाने दिलेली माहिती, किंवा उघड केल्याने त्या देशाशी संबंध बिघडतील अशी माहिती, रोखता येते. हे तोंडदेखले कारण नव्हे. लिस्बनने लंडनला कागद द्यायचे, ते लंडनने अर्जदारांना वाटायचे, असे झाले तर पुढचा कागद येणारच नाही.

मग वेळेचे गणित. पोलिसांसाठी एका अर्जाची खर्चमर्यादा ४५० पौंड. त्यापुढे अर्ज नाकारता येतो. ताशी २५ पौंड दराने ती १८ तासांची होते. माहिती आहे का ते पाहणे, शोधणे, काढणे यांचा वेळ त्यात धरतात. नावे काळ्या शाईने झाकण्याचा वेळ धरत नाहीत. ग्रेंजच्या पथकासमोर सुमारे ४०,००० कागदपत्रे होती. ती सगळी चाळावी लागतील असा प्रश्न विचारला, तर १८ तासांत प्रत्येक कागदाच्या वाट्याला जेमतेम दीड सेकंद येतो. ‘सर्व पत्रव्यवहार द्या’ हा अर्ज म्हणूनच जन्मतःच मेलेला असतो. एकाच व्यक्तीचे, किंवा संगनमताने काम करणाऱ्यांचे, ६० कामकाजी दिवसांतले सारख्या विषयावरचे अर्ज एकत्र मोजता येतात. तुकडे पाडूनही सुटका नाही. एका आर्थिक वर्षातला प्रवासखर्च, एखाद्या धोरणाची प्रत अशी नेमकी मागणी टिकते.

गंमत अशी की लंडनमध्ये कुलूपबंद असलेल्या विषयाचा मोठा भाग पोर्तुगालमध्ये उघडा पडला होता. तिथे गुन्ह्याच्या फाइलीवर न्यायिक गुप्ततेचे राज्य चालते, पण ती कायमची नसते. २१ जुलै २००८ रोजी फाइल बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हजारो पाने डीव्हीडीवर पत्रकारांच्या हाती आली: जबाब, छायाचित्रे, प्रयोगशाळांचे अहवाल. तपास संपला की फाइल उघडते हा पोर्तुगीज न्याय, आणि तपास संपला तरी सूट उरते हा ब्रिटिश न्याय. ब्रिटिश पोलिसांनी पोर्तुगालला पाठवलेले काही कागदही त्या डीव्हीडीत होते. मायदेशी जे मागून मिळाले नसते ते परदेशातून न मागता मिळाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये पोर्तुगालने तपास पुन्हा सुरू केला, तेव्हा नव्या कागदांवर गुप्ततेचा पडदा परत पडला.

पालकांनाही माहिती कायदा फारसा उपयोगी नाही, कारण तो सर्वांना एकाच मापाने मोजतो. आई म्हणून वेगळे काही देत नाही. ग्रेंजच्या आधी हे प्रकरण लीस्टरशर पोलिसांकडे होते. मुलीच्या पालकांनी तिथल्या कागदांसाठी थेट उच्च न्यायालय गाठले. जुलै २००८ मध्ये तडजोड झाली ती ८१ माहिती-नोंदी देण्यावर. स्वतःबद्दलची नोंद हवी असेल तर विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०१८ हा वेगळा रस्ता आहे.

जून २०२० मध्ये जर्मन पोलिसांनी एका संशयिताची माहिती जाहीर केल्यावर तिसऱ्या देशाची फाइल पुढे आली. ब्राउनश्वाइगचे अभियोक्ते मुलगी हयात नाही असे धरून बोलू लागले. मेट्रोपॉलिटन पोलीस मात्र हा बेपत्ता व्यक्तीचाच तपास असल्याचे सांगत राहिले. या शब्दांच्या फरकाला कायदेशीर वजन आहे. ब्रिटनमधले वैयक्तिक माहितीचे संरक्षण जिवंत व्यक्तीलाच लागू होते. मृत्यू सिद्ध नाही तोवर हरवलेले मूल जिवंत धरले जाते, आणि कलम ४० त्याच्या बाजूने उभे राहते: त्याचा वैद्यकीय इतिहास, त्याचे डीएनए तपशील कोणाच्या कुतूहलासाठी खुले होत नाहीत.

ग्रेंजइतका गाजावाजा न झालेली प्रकरणेही आहेत. ग्रीसच्या कॉस बेटावर २४ जुलै १९९१ रोजी २१ महिन्यांचा मुलगा नाहीसा झाला. साउथ यॉर्कशर पोलिसांनी गृहखात्याच्या पैशातून २०१६ मध्ये तिथे खोदकाम केले. मुलाचा जवळच्या बांधकामाच्या यंत्राखाली अपघाती मृत्यू झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पश्चिम जर्मनीत पाडरबॉर्नजवळ, ब्रिटिश लष्करी वसाहतीच्या दुकानातून २८ नोव्हेंबर १९८१ रोजी, दुसऱ्या वाढदिवशीच, एका सैनिकाची मुलगी बेपत्ता झाली. तो तपास रॉयल मिलिटरी पोलिसांचा. सुरुवातीच्या चुकांबद्दल त्यांनी नंतर माफी मागितली आणि २०१८ मध्ये आल्मे नदीकाठी खणून पाहिले. लष्करी पोलीस संरक्षण मंत्रालयाखाली येत असल्याने अर्जही तिकडेच जातो, आणि केंद्रीय खात्याची मर्यादा ६०० पौंड, म्हणजे २४ तास. हरवलेले मूल सैनिकाचे असले तर अर्जदाराला सहा तास जास्त मिळतात, असा हा विचित्र हिशोब.

अर्जदारांत पत्रकार असतात, संशोधक असतात, आणि घरबसल्या तपास करणारे हौशीही पुष्कळ असतात. त्यातल्या काहींचे अर्ज माहितीसाठी कमी आणि कुटुंबावर संशय नोंदवण्यासाठी जास्त असतात. अशांसाठी कलम १४ आहे: त्रासदायक मागणी नाकारता येते. मात्र त्रासदायक ठरते ती मागणी, माणूस नव्हे. कालच्या चिडखोर अर्जदाराचा आजचा साधा प्रश्न नुसत्या नावावरून फेटाळता येत नाही.

नकार आल्यास आधी त्याच दलाकडे अंतर्गत फेरविचार मागायचा, मग माहिती आयुक्तांकडे तक्रार, त्यापुढे प्रथम स्तर न्यायाधिकरण. आयुक्तांना रोखलेला कागद स्वतः मागवून पाहता येतो. न्यायाधिकरणही तो पाहू शकते, पण त्यासाठी सुनावणीचा तेवढा भाग बंद दाराआड होतो. पोलीस, आयुक्तांचे वकील आणि न्यायाधीश आत असतात. ज्याने कागद मागितला तो अर्जदार तेवढा वेळ बाहेर बसतो.