ऊसतोडीचे स्थलांतर आणि मुलांचे शालेय शिक्षण

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामासाठी आईवडील गाव सोडतात, तेव्हा त्यांच्याबरोबर जाणाऱ्या किंवा मागे राहणाऱ्या मुलांच्या शिकण्यात पडणारा खंड आणि तो भरून काढण्याचे उपाय हा या लेखाचा विषय. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जातात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असा हिशेब असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपले की, परततात.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत चालते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस ठरवले आहेत. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाला यातले शंभराच्या आसपास दिवस मिळतात, तेही पहिल्याच सत्रातले. इथे केवळ दिवसांची संख्या पाहून चालत नाही. पाठ्यपुस्तक सोप्याकडून अवघडाकडे जाते, म्हणून हे मूल दरवर्षी वर्षाचा सोपा भाग शिकते आणि अवघड भाग सोडून देते. पुढच्या जूनमध्ये ते वयानुसार वरच्या वर्गात बसते आणि सुटलेला भाग त्याला येतो असे धरूनच शिकवणे सुरू होते. असे तीन-चार हंगाम गेले की पाचवीतले मूल दुसरीच्या पातळीवर सापडते. ‘डोक्याने मंद’ हा शिक्का त्याच्यावर याच टप्प्यावर बसतो आणि तो साफ चुकीचा असतो.

खंड नेमका कुठे पडला हे पाहण्यासाठी 52 वजा 37 हे एकच गणित पुरते. पुष्कळ मुले उत्तर 25 लिहितात. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतात : 7 मधून 2 गेले 5, 5 मधून 3 गेले 2. वजाबाकी त्यांना येते. दशक सुटा करता येतो, हे त्यांच्या हातून कधी झालेले नसते. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवाव्यात. सात काढायला सांगितले की मूल अडते. मग एक गठ्ठा त्यानेच सोडायचा. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चारातून तीन गठ्ठे गेले, एक उरला. उत्तर 15. काड्या मुलाच्या हातात असल्या पाहिजेत. शिक्षकाने टेबलावर करून दाखवले तर दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा 25 दिसतात. वाचनातला असाच अडथळा जोडाक्षराचा. ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुसतक’ असा वाचणाऱ्या मुलाला अक्षरे आणि काना-मात्रा येतात, पुढचा टप्पा राहिलेला असतो.

फडावरचा, म्हणजे ऊस तोडायच्या शेतावरचा, दिवस अभ्यासाला जागा ठेवत नाही. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते. मोळ्या बांधून झाल्या तरी वाहन कधी येईल याचा नेम नसतो. रात्री बारालाही भरणी असते. आईबाप फडात असताना आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत (झोपडीत) बहुधा वीज नसते. शाळेबरोबर शाळेतले जेवणही सुटते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असे या आहाराचे प्रमाण आहे. फडावर त्याच्या जागी सकाळी थापलेली भाकरी असते. वाढत्या मुलाची अर्ध्या वर्षाची प्रथिने अशी तुटतात.

भाषेचा प्रश्न दुहेरी आहे. तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या, मुलाची घरची बोली गोरबोली असते आणि पहिलीत त्याला मराठी नव्याने शिकावी लागते. टोळी कर्नाटकात गेली तर जवळची शाळा कानडी माध्यमाची निघते.

मुलींचे नुकसान सर्वांत जास्त होते. अकरा-बारा वर्षांची मुलगी गावात एकटी कशी ठेवायची ही आईबापांची भीती खरी असते, म्हणून तिला सोबत नेतात. एकट्या माणसाचा ‘अर्धा कोयता’ धरतात. जोडीला उचल जास्त मिळते. लवकर लग्न लावण्यामागे हा हिशेबही असतो. सातवी-आठवीत पटावरून गळालेली मुलगी पुढच्या हंगामात स्वतःच कोयता होऊन फडात दिसते.

उपायांपैकी गावातले हंगामी वसतिगृह सर्वांत परिणामकारक. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते, त्याचे सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळा व्यवस्थापन समिती चालवते आणि शाळा अखंड सुरू राहते. हे फसते ते वेळेमुळे. मंजुरी नोव्हेंबर-डिसेंबरात आली तर मुले तोवर टोळीबरोबर गेलेली असतात. सप्टेंबरातच घरोघर जाऊन यादी करावी, आजी-आजोबांशी बोलावे आणि पहिला मुकादम गाडी लावण्याआधी चूल पेटलेली असावी. वसतिगृह नक्की सुरू होणार याची खात्री नसेल तर आई मूल मागे ठेवत नाही, आणि तिचे बरोबरच असते. राज्य शासनाने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर केली.

जे मूल जातेच त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असते. त्यावर मुलाचा वर्ग आणि शिकण्याची पातळी नोंदवायची. फडाजवळच्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे. प्रत्यक्षात फड शाळेपासून दूर असतो, टोळी काही आठवड्यांनी हलते आणि कार्ड कोपीतल्या पेटीत राहते. कारखान्याच्या आवारात भरणाऱ्या साखरशाळांनी पूर्वी हे अंतर कमी केले होते. शिक्षण हक्क कायद्यानंतर नियमित शाळेत प्रवेशावर भर आला आणि त्या मागे पडल्या. कागदावर हे धोरण योग्य आहे, पण फडापासून शाळेपर्यंत मूल कोण पोहोचवणार याची सोय त्यात झाली नाही.

नोंदींचाही एक दोष आहे. शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्या दिवशी मुले गावातच असतात. पुढचे पाच महिने गैरहजर राहिलेले मूलही पटावर दिसते आणि स्थलांतराचा खरा आकडा झाकला जातो.

परतलेल्या मुलाची आधी पातळी तपासावी. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतले निकष वर्गातही सोपे पडतात : पाच अक्षरांपैकी चार बरोबर आली तर शब्द द्यावेत, पाच शब्दांपैकी चार आले तर परिच्छेद, तो अडखळता न वाचला तर गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करावेत आणि रोज तास-दीड तास फक्त तेवढेच काम घ्यावे. चौथीच्या मुलाला दुसरीच्या गटात बसवताना वर्ग हसणार नाही याची काळजी घ्यावी लागते. गटांना पातळीचा आकडा न देता झाडांची नावे दिली तरी फरक पडतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मागे राहिलेला अभ्यास गृहपाठ म्हणून देणे. घरी तो करून घेणारे कोणी नसते. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि टोळ्या नेमक्या तिच्या तोंडावर परततात, त्यामुळे या दोन वर्गांतल्या मुलांची तपासणी पहिल्याच दिवशी करून पुनर्परीक्षेपर्यंतचे आठवडे सकाळच्या वर्गासाठी राखून ठेवावे लागतात.